पाण्यातही घाम येतो

‘पट्टीचा पोहणाराच बुडतो’ असे जुनी माणसे म्हणत. ज्याला पोहता येत नाही तो काठावर बसून राहतो, म्हणून वाचतो, असा त्याचा सरळ अर्थ. पण वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर या बोलण्यात आणखी एक तथ्य आहे. पोहता येणे ही हातापायांची विद्या झाली. पाण्यात असताना शरीराच्या आत काय चालते, ते गरम होते की गार पडते, अंगातले पाणी-मीठ किती कमी होते, हा निराळा विषय आहे. तो हातापायांना कळत नाही आणि पुष्कळदा डोक्यालाही कळत नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की विहिरी, कालवे, धरणे पोरांनी फुलून जातात. पावसाळ्यात नदीला पाणी आले की पुलावरून उड्या मारण्याची चढाओढ लागते. पोहण्यासारखा सर्वांगाला व्यायाम देणारा दुसरा प्रकार नाही, हे मी रुग्णांना नेहमी सांगतो. म्हणून आज पोहू नका असे सांगण्यासाठी नव्हे, तर कसे पोहावे हे सांगण्यासाठी लिहीत आहे. त्यासाठी आपण जगातल्या सर्वांत पट्टीच्या पोहणाऱ्यांकडे, म्हणजे खुल्या पाण्यातील आंतरराष्ट्रीय शर्यतींतल्या पदकविजेत्यांकडे पाहू. ही मंडळी पाण्याला किती जपून वागतात हे समजले, तर आपण किती जपायला हवे याचा अंदाज येईल.

खुल्या पाण्यातील शर्यत म्हणजे काय?

तलावातली शर्यत आपण दूरदर्शनवर पाहिलेली असते. स्वच्छ निळे पाणी, आखलेल्या रांगा, पन्नास मीटर गेले की भिंत. खुल्या पाण्यातील शर्यत समुद्रात, नदीत किंवा मोठ्या सरोवरात होते. तेथे भिंत नाही, रांग नाही, तळ दिसत नाही. लाटा, प्रवाह, शेजाऱ्याच्या लाथा आणि कोपरे हे सगळे सोसत पुढे जायचे असते. जलतरणाच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत हा प्रकार प्रथम १९९१ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे आला. त्या वेळी अंतर होते २५ किलोमीटर. पुरुषांत अमेरिकेचा चॅड हंडबी आणि स्त्रियांत ऑस्ट्रेलियाची शेली टेलर-स्मिथ हे पहिले विजेते. ऑलिम्पिकमध्ये मात्र १० किलोमीटरची शर्यत असते. ती २००८ साली बीजिंगपासून सुरू झाली. तलावाच्या हिशेबाने ही शर्यत २०० फेऱ्यांची होते आणि उत्तम पोहणाऱ्याला ती संपवायला सुमारे दोन तास लागतात.

दोन तास पोहूनही निकाल अगदी केसाएवढ्या फरकाने लागतो. २०१६ साली रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर हॉलंडचा फेरी वेर्टमन आणि ग्रीसचा स्पायरिडॉन यानिओटिस यांची वेळ एकच लागली, १ तास ५२ मिनिटे ५९.८ सेकंद. फलकाला हात कोणाचा आधी लागला हे छायाचित्रावरून ठरवावे लागले आणि सुवर्णपदक वेर्टमनला मिळाले. यानिओटिस तेव्हा ३६ वर्षांचा होता. त्याच स्पर्धेत स्त्रियांच्या शर्यतीत फ्रान्सची ऑरेली म्यूलर दुसरी आली होती, पण शेवटच्या क्षणी तिने इटलीच्या राकेले ब्रुनीला अडथळा केला म्हणून तिला बाद केले. ब्रुनीला रौप्य आणि ब्राझीलच्या पोलियाना ओकिमोटोला कांस्यपदक मिळाले. इतकी चुरस असलेल्या शर्यतीत कोणी आपण होऊन थांबणे किती अवघड असेल, हे वाचकांनी मनात ठेवावे. पुढचा भाग समजायला त्याचा उपयोग होईल.

पाणी गरम असेल तर

अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन हा २००९ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत १० किलोमीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारा जलतरणपटू. २३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे विश्वचषक मालिकेतील १० किलोमीटरची शर्यत होती. समुद्राचे पाणी २९-३० अंश सेल्सियसच्या घरात होते आणि वर ऊन तापले होते. शर्यत संपली, पोहणारे बाहेर आले, तेव्हा क्रिपेन त्यांच्यात नाही हे प्रथम त्याच्या सोबत्यांच्या लक्षात आले. ते स्वतःच पुन्हा पाण्यात शिरले. सुमारे दोन तासांनी पाणबुड्यांना त्याचा मृतदेह सापडला. वय अवघे २६ वर्षे. त्या दिवशी आणखी काही जणांना उष्णतेचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले होते.

आता कोणीही विचारील, पाण्यात असलेल्या माणसाला उष्णतेचा त्रास कसा होईल? हाच प्रश्न माझ्या दवाखान्यात दर उन्हाळ्यात एखादी आई विचारते. मुलगा तीन-तीन तास कालव्यात पोहलेला असतो, घरी येऊन त्याचे डोके दुखते, उलट्या होतात, पोटऱ्यांत गोळे येतात. मी ऊन लागले आहे असे सांगतो, तेव्हा ती माउली म्हणते, ‘अहो डॉक्टर, दिवसभर पाण्यात तर होता, ऊन लागेल कसे?’

याचे उत्तर समजून घ्या. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या शक्तीपैकी सुमारे चार हिश्श्यांतले तीन हिस्से उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. जमिनीवर ही उष्णता घालवण्याचा आपला मुख्य मार्ग म्हणजे घाम. घाम वाळतो तेव्हा तो अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वाने. ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ वाऱ्यावर ठेवला तर पाणी गार होते, पण तोच माठ गरम पाण्याच्या हौदात बुडवून ठेवला तर गार होईल काय? पाण्यात बुडालेल्या अंगावरचा घाम वाळूच शकत नाही. घाम येतो, अंगातले पाणी आणि मीठ जाते, पण अंग मात्र गार होत नाही. पाणी गार असेल तर ते स्वतःच उष्णता ओढून घेते आणि काम भागते. पाणी कोमट असेल आणि माणूस जोराने हातपाय मारत असेल, तर आतली उष्णता वाढतच जाते.

आणखी एक अडचण अशी की, पाण्यात घाम दिसत नाही आणि तोंडात सतत ओलावा असल्याने तहानही फारशी जाणवत नाही. उष्माघाताचा पहिला परिणाम मेंदूवर होतो. विचार मंदावतो, दिशा कळत नाही, आणि आपल्याला काही होत आहे हेच उमगत नाही. जमिनीवर असा माणूस खाली बसतो, कोणीतरी त्याला सावलीत नेते. पाण्यात खाली बसायला जागा नसते. तो गुपचूप खाली जातो.

क्रिपेनच्या मृत्यूनंतर चौकशी झाली, वाद झाले आणि नियम कडक झाले. आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाच्या, म्हणजे पूर्वीच्या ‘फिना’च्या (२०२२ च्या डिसेंबरपासून तिचे नाव ‘वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स’ झाले), नियमांत पाण्यासाठी ३१ अंशांची वरची आणि १६ अंशांची खालची मर्यादा आली. पाणी शर्यतीच्या दिवशी, सुरुवातीच्या दोन तास आधी, मार्गाच्या मध्यभागी ४० सेंटिमीटर खोलीवर मोजायचे असते. काठावर पायाचा अंगठा बुडवून ‘बरे आहे’ म्हणायचे नाही. टोकियोचे ऑलिम्पिक २०२१ साली भर ऑगस्टमध्ये झाले. तेथील पाणी २९ अंशांच्या आसपास होते, म्हणून शर्यत सकाळी साडेसहालाच सुरू केली. पुरुषांत जर्मनीचा फ्लोरियन वेलब्रॉक आणि स्त्रियांत ब्राझीलची आना मार्सेला कुन्हा यांनी सुवर्णपदके मिळवली. ही कुन्हा बीजिंगमध्ये १६ व्या वर्षी पाचवी आली होती आणि रिओमध्ये दहावी. तेरा वर्षांनी तिला सुवर्ण मिळाले. आपल्या तरुण वाचकांनी तिचा हा धीर ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

शर्यतीत खाणे-पिणे

या शर्यतींत मार्गावर एक तरंगता धक्का असतो. त्यावर प्रत्येक देशाचा प्रशिक्षक हातात लांब काठी घेऊन उभा असतो आणि काठीच्या टोकाला पेला अडकवलेला असतो. पोहणारा येतो, पेला उचलतो, उताणा होऊन दोन-तीन घोटांत संपवतो आणि पुढे जातो. त्यात साखर, क्षार आणि पाणी असते. तहान लागली आहे की नाही याची वाट कोणी पाहत नाही. ठरलेल्या वेळी प्यायचेच. आपल्या घरातली जलसंजीवनी, म्हणजे एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हीच गोष्ट आहे. त्यासाठी महागड्या बाटल्या लागत नाहीत. लिंबू-सरबतात चिमूटभर मीठ घातले तरी मुलांना पुरते.

पाणी गार असेल तर

आता उलट बाजू पाहू. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते. म्हणून २० अंशांच्या हवेत आपण आरामात बसतो, पण २० अंशांच्या पाण्यात थोड्या वेळात कुडकुडू लागतो.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली इंग्लिश खाडी हे गार पाण्याचे जुने विद्यापीठच म्हणायला हवे. सर्वांत कमी अंतर सुमारे ३४ किलोमीटर, आणि उन्हाळ्यातही पाणी १५ ते १८ अंशांचे. १८७५ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब याने ती प्रथम पोहून पार केली, तेव्हा त्याला पावणेबावीस तास लागले. १९२६ साली अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ले ही ती पार करणारी पहिली स्त्री ठरली. भारतीयांपैकी पहिले मिहिर सेन, २७ सप्टेंबर १९५८ रोजी. त्यांचे आधीचे प्रयत्न फसले होते. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, कोलकात्याची आरती साहा ही खाडी पार करणारी पहिली आशियाई स्त्री ठरली. तिला १६ तास २० मिनिटे लागली. ऑगस्टमधला तिचा पहिला प्रयत्न अपुरा राहिला होता. ती परत फिरली आणि महिनाभराने पुन्हा उतरली. १९६० साली तिला पद्मश्री मिळाली. परत फिरणे ही हार नसते, हे या मुलीने एकोणिसाव्या वर्षी दाखवून दिले.

महाराष्ट्रालाही यात अभिमान वाटावा असे आहे. पुण्याच्या रोहन मोरे याने जगातील सात अवघड सागरी खाड्या, ज्यांना ‘ओशन्स सेव्हन’ म्हणतात, त्या २०१८ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून पूर्ण केल्या. असा तो पहिला आशियाई.

गार पाणी तीन टप्प्यांत घात करते. पहिला टप्पा उडी मारल्यावरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांचा. गार पाण्याचा स्पर्श होताच आपोआप जोराचा श्वास आत ओढला जातो. आंघोळीला अंगावर गार पाण्याचा तांब्या घेतला की ‘हाऽ’ होते, तोच हा प्रकार. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी सरळ फुप्फुसात जाते. नाडी आणि रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकाराच्या रुग्णाला हाच टप्पा घातक. दुसरा टप्पा पुढच्या दहा ते तीस मिनिटांचा. हातापायांतील रक्तपुरवठा कमी होतो, बोटे आखडतात, हात उचलत नाहीत. उत्तम पोहणाराही येथे गटांगळ्या खातो. तिसरा टप्पा म्हणजे शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली जाणे. याला आम्ही हायपोथर्मिया म्हणतो. कुडकुडणे, बोलणे अडखळणे, मग गुंगी. कुडकुडणे आपोआप थांबले तर ‘आता बरे वाटते आहे’ असे समजू नका, ते धोक्याचे लक्षण आहे.

खाडी पोहणाऱ्यांच्या सोबत होडी असते आणि होडीवरची माणसे मिनिटाला हात किती पडतात हे मोजत असतात. आकडा घसरू लागला की त्यांना कळते, गाडी बिघडते आहे. मध्येच साधे प्रश्न विचारतात. उत्तर उलटसुलट आले तर माणसाला पाण्याबाहेर काढतात, त्याने कितीही नाही म्हटले तरी. येथे निर्णय पोहणाऱ्याचा नसतो, काठावरच्याचा असतो, हे फार महत्त्वाचे आहे. आंतरराष्ट्रीय शर्यतीत पाणी १८ अंशांपेक्षा गार असेल तर अंग झाकणारा रबरी पोशाख, म्हणजे वेटसूट, सक्तीचा आहे. म्हणजे जगज्जेत्यालाही ‘मला थंडी वाजत नाही’ असे म्हणण्याची सोय ठेवलेली नाही.

सडपातळ माणूस लवकर गारठतो, कारण कातडीखालची चरबी ही आपली गोधडी असते. लहान मुले तर आकाराने लहान आणि अंगाने बारीक, म्हणून ती मोठ्यांच्या आधी गारठतात. ओठ निळे पडले, दात वाजू लागले की मुलाला ताबडतोब बाहेर काढावे. ‘अजून एकच सूर’ याला मान देऊ नये. बाहेर काढल्यावर ओले कपडे उतरवा, अंग कोरडे करा, घोंगडी-चादर गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम गोड दूध किंवा चहा द्या. बाहेर आल्यावरही काही वेळ आतले तापमान उतरतच राहते, म्हणून लगेच धावायला लावू नका. हातपाय जोराने चोळू नका. आणि ‘गरमी येईल’ म्हणून मोठ्या माणसाला दारू पाजण्याचा उद्योग मुळीच करू नका. दारूने कातडीतील रक्तवाहिन्या फुलतात आणि उरलीसुरली उष्णताही निघून जाते.

पाणी घाण असेल तर

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत सीन नदीत झाली. या नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. शहराचे सांडपाणी नदीत जाऊ नये म्हणून फ्रान्सने सुमारे १४० कोटी युरो खर्च केले, पावसाचे पाणी साठवायला ५० हजार घनमीटरचे भूमिगत टाके बांधले. तरीही ऐन स्पर्धेच्या काळात पाऊस झाला, पाण्यातील जंतूंचे प्रमाण वाढले आणि सरावाचे दिवस रद्द करावे लागले. त्याच नदीत पोहणे असलेली पुरुषांची ट्रायथलॉन शर्यत एक दिवस पुढे ढकलली गेली. अखेर १० किलोमीटरची शर्यत झाली. पुरुषांत हंगेरीचा क्रिस्तोफ रासोव्स्की आणि स्त्रियांत हॉलंडची शॅरन व्हॅन राउवेन्डाल यांनी सुवर्णपदक मिळवले. व्हॅन राउवेन्डालचे हे रिओनंतरचे दुसरे सुवर्ण. मधल्या टोकियोत तिला रौप्य मिळाले होते. शर्यतीनंतर उलट्या-जुलाब झाल्याचेही काही जलतरणपटूंनी सांगितले. २०२५ साली सिंगापूर येथील जागतिक स्पर्धेतही पाण्यातील जंतू वाढल्यामुळे १० किलोमीटरच्या शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या होत्या.

मोजणी होते ती मुख्यतः ई कोलाय या जंतूची. हा जंतू माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात असतो, म्हणून तो पाण्यात सापडणे म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याचा पुरावा. पाऊस पडला की गटारे, उकिरडे, गोठे धुऊन सगळे नदीत येते, हे पॅरिसला जसे खरे तसे आपल्या नदीलाही खरे. आपल्याकडे कोणी रोज पाणी मोजत नाही, तेव्हा साधा नियम ठेवा. पहिल्या जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस नदी-ओढ्यात पोहू नये. गढूळ पाण्यात पोहू नये. अंगावर जखम किंवा पायाला भेग असेल तर थांबावे, कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार अशाच वाटेने अंगात शिरतो. पोहल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, लाल डोळे, कावीळ यांपैकी काही झाले, तर डॉक्टरांना ‘मी पोहलो होतो’ हे आवर्जून सांगा. हे एक वाक्य कळले तर निदान लवकर होते. कान फुटलेला असेल तर पोहणे बंदच ठेवा.

आजारपणानंतर पोहावे का?

हा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर म्हणून २००८ चे बीजिंग पाहा. पुरुषांत पहिले सुवर्णपदक मिळवणारा हॉलंडचा मार्टेन व्हॅन डर वायडेन याला २००१ साली रक्ताचा कर्करोग झाला होता. औषधोपचार झाले, मूळपेशींचे प्रत्यारोपण झाले, आणि सात वर्षांनी तो ऑलिम्पिक विजेता झाला. पण एक गोष्ट त्याने स्पष्ट सांगितली, ती मला त्याच्या पदकापेक्षा मोठी वाटते. मनाच्या जोरावर आणि व्यायामाच्या बळावर कर्करोग हरवता येतो, हे म्हणणे त्याला मान्य नाही. कारण मग जे दगावले त्यांचे मन कमकुवत होते असा अर्थ निघतो. तो बरा झाला तो उपचारांमुळे. कर्करोगाच्या रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून ‘हिंमत धर म्हणजे बरा होशील’ असे म्हणणाऱ्या सर्वांनी हे लक्षात ठेवावे. हिंमत हवीच, पण ती औषधाच्या जागी नव्हे. २०१९ साली याच गृहस्थाने कर्करोग संशोधनासाठी निधी जमवत हॉलंडमधील अकरा शहरांना जोडणाऱ्या कालव्यांतून सुमारे १९५ किलोमीटर अंतर पोहून पूर्ण केले. त्याच्या आदल्या वर्षी तो १६३ किलोमीटरवर थांबला होता.

त्याच बीजिंगमध्ये दक्षिण आफ्रिकेची नताली डू टॉइट पोहली. २००१ साली अपघातात तिचा डावा पाय गुडघ्यापासून गेला. कृत्रिम पाय न लावता ती दोन पायांच्या स्पर्धकांबरोबर १० किलोमीटर पोहली आणि सोळावी आली. विजेत्या लारिसा इल्चेन्कोच्या मागे ती दीड मिनिटापेक्षाही कमी होती. सांधेदुखी, गुडघेदुखी, एका पायाने अधू असलेल्या माणसाला पाणी किती उपकारक आहे, हे यापेक्षा चांगले काय सांगणार? पाण्यात शरीराचा भार सांध्यांवर पडत नाही. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा यांतही पोहणे उत्तम. मात्र हृदयविकार असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. फिट्सचा आजार असेल तर एकट्याने पाण्याजवळही जाऊ नये. मधुमेही माणसाने उपाशीपोटी पोहू नये आणि खिशात साखरेची पुडी काठावर ठेवावी.

आपल्यासाठी नियम

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दर वर्षी राज्यभरातून मुले-माणसे सागरी जलतरणाला येतात. अशा स्पर्धांत आपल्या गावचीही मुले जावीत असे मला मनापासून वाटते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खुल्या पाण्यातील शर्यतीला किमान वय १४ वर्षे आहे, हे मात्र हौशी पालकांनी विसरू नये. घरच्या पोहण्यासाठी पुढील नियम कात्रण करून ठेवावेत.

१. एकट्याने कधीही पोहू नये. जोडी ठरवावी. दर थोड्या वेळाने आपला जोडीदार दिसतो का, हे पाहावे.

२. काठावर एक जाणता, दारू न प्यालेला माणूस हवा. बाहेर ये म्हणण्याचा अधिकार त्याचा आणि तो शेवटचा.

३. पाण्यात हळूहळू उतरावे. उन्हात तापलेल्या अंगाने थेट मुटका मारू नये. अनोळखी पाण्यात सूर तर नाहीच. तळाचा दगड मानेचा मणका मोडतो.

४. उन्हाळ्यात सकाळी लवकर पोहावे. अर्ध्या तासाने बाहेर येऊन सावलीत बसावे आणि तहान नसली तरी पाणी किंवा सरबत प्यावे.

५. पायात गोळा आला तर घाबरून हातपाय झाडू नयेत. उताणे तरंगावे, श्वास घ्यावा आणि हाक मारावी.

६. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, थंडी वाजणे यांपैकी काहीही झाले की त्या दिवसापुरते पोहणे संपले.

कोणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच सवड नसते, तर ओरडणार कोठून? तो शांतपणे वरखाली होतो. बुडणाऱ्याला दोर, ओढणी, फुगवलेली ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. शिक्षण नसताना स्वतः उडी घेऊ नये. एकाच्या मागे दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या आपण याच वर्तमानपत्रात वाचतो.

बाहेर काढल्यावर श्वास चालू नसेल तर उलटे टांगून गरगर फिरवणे, मडक्यावर पालथे घालणे, पोट दाबून पाणी काढणे हे सगळे बंद करा. त्यात अमूल्य मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत शिरते. उताणे झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी तळहाताने जोराने आणि भरभर ३० वेळा दाबा, पुन्हा दोन श्वास, पुन्हा ३० वेळा. दुसऱ्याने १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसाचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.

फुजैराच्या समुद्रात क्रिपेन दिसेनासा झाला, तेव्हा आजूबाजूला जगातले उत्तमोत्तम पोहणारे होते. तरी तो नाही हे शर्यत संपेपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. आपल्या विहिरीवर, कालव्यावर, धरणावर फिना नाही, प्रशिक्षक नाही, होडी नाही. तेथे आहोत ते आपणच. म्हणून पोरे पोहायला निघाली की ‘जपून जा’ एवढे म्हणून थांबू नका. कोण कोणाची जोडी आणि काठावर कोण, हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर मिळाल्यावरच टॉवेल हातात द्या.